आठवीत एबीसीडी

वर कुणीतरी लिहिलंय की जुने मास्तर म्हणजे नुसती छडी, ते काही पटलं नाही बुवा. छड्या होत्याच, नाही म्हणत नाही, पण आमच्या बाबांच्या गप्पांत जास्त येतात ते त्यांचे इंग्रजीचे सर. मुंबई राज्यात बाळासाहेब खेरांच्या सरकारने पाचवी ते सातवीचं इंग्रजी काढलं होतं, त्यामुळे या लोकांची एबीसीडी थेट आठवीत आणि अकरावीला बोर्ड, म्हणजे चार वर्षांत बी ए टी बॅटपासून निबंधापर्यंत पोचायचं! मग सर शाळेच्या आधी तासभर बोलवायचे, फी वगैरे विषयच नाही, गो वेंट गॉन, राईट रोट रिटन असं पाढ्यासारखं म्हणून घ्यायचे आणि चुकलं की कोटाच्या खिशातला खडू नेमका डोक्यात. बाबांना ती रूपं अजून चालीत येतात, कुणी एक विचारलं की पुढची दहा ऐकावीच लागतात.

संस्कृतवाल्यांचा तोरा निराळाच. पुढे देशाचे अर्थमंत्री झालेल्या चिंतामणराव देशमुखांनी १९१२ च्या मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट स्कॉलरशिप मिळवली हे दर वर्षी वर्गाला ऐकवलं जायचं, मागच्या बाकावर रामः रामौ अडलेलं का असेना.

धाकटा काका १९७५ चा, बोर्ड अकरावीवरून दहावीला आलं त्याची पहिली बॅच. त्याच वर्षी जुन्या अकरावीवालेही बाहेर पडले. इथे आहे का कुणी त्या वर्षीचं?