मदत हवी आहे: मे महिन्यात सासूबाईंना घेऊन दिवेआगर/श्रीवर्धन, ३ रात्री, १५ हजारात बसेल का?

नमस्कार मंडळी,

आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो. मी, नवरा, मुलगी (१०), मुलगा (४) आणि सासूबाई (६८). यंदा ह्यांच्या कामाचं जरा मागेपुढे झालंय त्यामुळे लांबचं काही नको असं ठरलं, महाबळेश्वरचे मे महिन्यातले रेट ऐकून तो विषय तिथेच सोडला. मग ताम्हिणी उतरून माणगाव आणि पुढे दिवेआगर नाहीतर श्रीवर्धन, एवढंच डोक्यात आहे.

खरं सांगायचं तर ही ट्रिप सासूबाईंसाठी आहे. त्यांचं माहेर बार्शीकडचं, आणि समुद्र त्यांनी आयुष्यात एकदाच बघितलाय, तोही मुंबईला दवाखान्याच्या कामाला गेलो होतो तेव्हा टॅक्सीच्या काचेतून. मागच्या वर्षी गुडघ्यांमुळे त्या घरीच थांबल्या, "तुम्ही जाऊन या गं" म्हणाल्या आणि आम्ही गेलो. ते मला वर्षभर टोचतंय.

आणि तिथे गेल्यावर बघितलं तर, फोनवर "पायऱ्या नाहीत" म्हणणाऱ्या मालकांच्या घरी खोलीपुढे सात उंच पायऱ्या, कठडा नाही, संडास मागे परसात आणि तोही खाली बसायचा. सासूबाई असत्या तर काय केलं असतं सांगा.

प्रवासाचं गणित जमलंय. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, लेकीचं वयामुळे अर्धं, धाकट्याचं लागतच नाही, म्हणजे पाच जणांत फुल तिकीट एकट्या ह्यांचं. फक्त धाकट्याला घाटात गाडी लागते, म्हणून स्वारगेटहून पहाटेची गाडी मिळाली तर बरं, कुणी अलीकडे गेलंय का त्या गाडीने? आणि खोली खरोखर तळमजल्यावर, कमोड असलेली, घरचं शाकाहारी जेवण देणारी हवी. एसी नसला तरी चालेल, अंगणात सावली असली म्हणजे झालं. वाळूत त्यांना चालता येईल का हीच मोठी काळजी आहे.

प्रतिसाद १:
ताई, सोमवार ते गुरुवार जा, शनिवार-रविवारी तीच खोली कितीतरी महाग पडते. ॲडव्हान्स द्यायच्या आधी मालकांना व्हिडिओ कॉल लावून फाटकापासून बाथरूमपर्यंत चालत दाखवायला सांगा. ज्यांच्याकडे खरंच पायऱ्या नाहीत ते लगेच दाखवतात. हरिहरेश्वरला गेलात तर देवदर्शन करा पण आजींना प्रदक्षिणेला नेऊ नका, तिथे उभ्या पायऱ्या उतरून खडकांवरून जावं लागतं.

प्रतिसाद २:
आमचं गाव श्रीवर्धन तालुक्यातच. वाळूचं सांगतो. कोरड्या वाळूत पाय रुततो, गुडघ्याला त्रास तिथेच होतो. ओहोटीनंतरची ओली वाळू कडक असते, तिच्यावर म्हातारी माणसं आरामात चालतात. आमच्याकडे जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाचे सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास, सकाळीही आणि संध्याकाळीही. पौर्णिमा-अमावस्येला भरती साधारण बाराला येते, म्हणजे सकाळ-संध्याकाळ ऊन नसताना नेमकी ओहोटी. तेव्हाच या. पण ओहोटीचं पाणी आत ओढतं, पोरांना घोट्याच्या वर पाण्यात सोडू नका आणि एकाने कायम त्यांच्यापाशीच उभं राहायचं. आजींना सुरूच्या झाडांपासून पाण्यापर्यंतचा कोरडा पट्टाच तेवढा हात धरून पार करून द्या. सोबत घडीची खुर्ची असू द्या.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. तिथीचं सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या लगेच उठून कालनिर्णय काढून बसल्या आणि पौर्णिमेच्या आसपासच्या तीन तारखांवर पेन्सिलने गोल केलाय. ह्यांच्या सुट्टीचं उद्या कळेल. घडीची खुर्ची एसटीत घेऊ देतात का, की तिथेच कुणाकडे मिळेल? आणि श्रीवर्धन स्टँडवरून दिवेआगरला जायला रिक्षावाले साधारण किती घेतात तेही सांगा प्लीज.