नायक घाबरला म्हणून तिकिटाचे पैसे परत मागायचे का?

खानापूरकर
'निपाणी नाका' यांची कालची पोस्ट वाचली. म्हणणं थोडक्यात असं: 'स्टार वॉर्स'मधला ल्यूक रडका आहे, त्याच्या एंट्रीला शिट्टी पडत नाही, आणि ग्रह फोडणारी तोफ ज्या सिनेमात आहे त्यात नायकही त्याच मापाचा पाहिजे. एका ओळीत उत्तर देणार होतो, खरं राहवलं नाही.

1977च्या पहिल्या सिनेमापुरतं बोलतो. ल्यूक पडद्यावर येतो तोच सतरा-एक मिनिटांनी. त्याआधीचे त्याचे मित्रांबरोबरचे प्रसंग चित्रित झाले होते, ते संकलनात उडवले. म्हणजे एंट्री हातात होती आणि मुद्दाम टाकली. त्याऐवजी काय दिसतं? काका भंगारवाल्यांकडून जुने रोबो घेतोय. पुतण्याला सांगतो, हे पुसून ठेव. पुतण्या कुरकुरतो, मला पार्ट आणायला जायचं होतं की! तेवढ्यात घेतलेला लाल रोबो चार हात सरकून ठप्प होतो, डोक्यातून धूर. मग त्याच्या बदली निळा घेतात. पुढची सगळी कथा त्या जळक्या पार्टामुळे घडते. दोन सूर्य, बुरखेवाले बुटके, उडती गाडी, प्रेक्षकाच्या ओळखीचं तिथं काहीच नाही. ओळखीचा आहे तो फक्त हा सौदा आणि ही कुरकुर. आपण आत शिरतो ते त्या दारातून. नायकही अचाट असता तर प्रश्न विचारायला कोण उरलं असतं? 'फोर्स', ती गूढ शक्ती, म्हणजे काय हे त्याला माहीत नाही म्हणून म्हातारा बेन सांगतो, आणि आपल्याला फुकटात कळतं.

मग जेवणाचं टेबल. काका म्हणतो, सुगीला तू लागतोस, पुढच्या वर्षी जा. चिकोडीकडच्या कुठल्याही पोराला विचारा, ऊस गेला की बघू हे वाक्य घरात किती वेळा ऐकलंय. पोरगा भांडत नाही, उठून बाहेर जातो, मावळते दोन सूर्य बघत उभा राहतो. एक शब्द नाही. फ्रेंच हॉर्नवर धून सुरू होते, मग व्हायोलिनं ती उचलून घेतात. जॉन विल्यम्सनी या जागेला आधी वेगळं संगीत केलं होतं, ते बदलून ही धून घातली. शिट्टी नसेल पडत, पण सिनेमा तिथंच जिंकलाय.

आणि मोजून बघा. 121 मिनिटांत या नायकाला पाच वेळा दुसऱ्यानं वाचवलंय: वाळवंटात बेन, दारूच्या अड्ड्यात परत बेन, कचऱ्याच्या खोलीत तो निळा रोबो आर-टू, आकाशातल्या लढाईत साथीचा वैमानिक वेज, शेवटी मित्र हान.

निपाणी नाका
आभारी आहे. पाच वेळा वाचवावा लागतो, हे माझ्याच बाजूनं मोजून दिलंत. माझे कष्ट वाचले.

खरं तुमचा मुद्दाच खोटा आहे. हा पोरगा सामान्य कुठला? 1980च्या भागात कळतं की बाप म्हणजे खलनायक डार्थ व्हेडर. म्हणजे वतनदाराचा पोरगा चार दिवस शेतावर ठेवला होता. रक्तातच शक्ती, मग शेवटी त्या ग्रह फोडणाऱ्या तोफेच्या दोन मीटरच्या भोकात ल्यूकचा टॉर्पेडो गेला यात नवल ते काय? आणि नव्या भागांची नायिका रे? 2017ला सांगितलं तिचे आईबाप कोणीच नव्हते. 2019ला पलटी मारली, दुष्ट सम्राट पॅल्पटीनची नात! सामान्य नायकावर एवढा विश्वास होता तर आजोबा कशाला आणला?

खानापूरकर
2019चं मी झाकत नाही. ती घाण आहे, घ्या.

बाकी तुम्ही पुढचं मागं लावताय. ली ब्रॅकेटनं 1978ला दुसऱ्या भागाचा पहिला मसुदा लिहिला, त्यात ल्यूकचा बाप व्हेडरपेक्षा वेगळा आहे, भूत होऊन पोराला भेटतो. म्हणजे 77ला थेटरात बसलेल्यांनी वतनदार बघितलाच नाही. पहिल्या सिनेमावरची 'भाग चौथा' ही पाटीसुद्धा 1981ला चिकटवली. उलट 1974च्या कच्च्या मसुद्यात ल्यूक स्कायवॉकर म्हातारा सेनापती होता. तुम्हाला हवा तसला नायक हातात असताना त्याचा शेतातला पोरगा केला.

आणि त्या भोकाचं. ते लेझरला दाद देत नाही, टॉर्पेडोच लागतो. आधी मुरलेला वैमानिक रेड लीडर संगणक लावून नेम धरतो आणि टॉर्पेडो वरच फुटतो. हे दाखवल्यावरच ल्यूक संगणक बंद करतो. तळावरून विचारतात, काय झालं? तो म्हणतो, काही नाही, ठीक आहे. ते ठीक आहे कसं म्हणतो ते ऐका. घाबरलेला माणूस म्हणतो तसं.

उद्यमबाग
ऐका कसं म्हणता? आपल्याकडं किती जण मूळ आवाजात बघतात? निम्मं भांडण हिंदी डबिंगमुळे आहे, आणि त्यावर कोणी बोलत नाही.

सिनेमाचा आवाज तीन भागांत असतो: संवाद, संगीत, इफेक्ट. डबिंगला परदेशी भाषेत जातात ते संगीत आणि इफेक्ट, संवादाचा भाग काढून. आता सेटवर नटानं घेतलेला श्वास, गिळलेला आवंढा, अडखळणं हे कुठल्या भागात असतं? संवादाच्या. तो गेला की भीतीपण गेली. स्फोट मूळचे, भीती मात्र नव्यानं बनवायची. चांगल्या स्टुडिओत वाक्यं संपली की नटाला परत उभं करून नुसती धाप, हुंदके, कण्हणं वेगळं घेतात. घाईच्या कामात हा फेरा गाळतात. त्यात प, ब, म ओठ मिटलेल्या जागी बसवायचे आणि हिंदी वाक्य लांब, मग आधी काय खातात? वाक्यामागचा थांबा. वर आवाज दिला भरदार, तीस-पस्तिशीचा. निपाणीच्या मामांना ल्यूक रडकाही वाटतो आणि दमदारही नाही, कारण तोंड एकाचं आणि छाती दुसऱ्याची.

शहापूरची ताई
डबिंग राहू दे, मूळ आवाजातसुद्धा काय ऐकू येतं! डॉल्बीचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचं बटण, 7वर ठेवून हॉल जुळवलेला असतो, पिंक नॉईज हा चाचणीचा खरखराट सोडून पडद्यामागच्या प्रत्येक स्पीकरचे 85 डेसिबल मोजून. कोणीतरी मोठा आवाज म्हणून तक्रार केली की ऑपरेटर 5वर आणतो. एका आकड्याला साधारण 3.3, म्हणजे साडेसहा डेसिबल गेले. स्फोट कमी होऊनही ऐकू येतो. कुजबुज पंख्यात आणि एसीत बुडते, कारण पंखा काही फेडरवर चालत नाही. आणि घाबरणारा नायक जगतो तो कुजबुजीवर. एंट्रीवाला नायक 4वरसुद्धा चालतो म्हणूनच तो हॉलवाल्यांचा लाडका.

उद्यमबाग
फेडर नंतर. जे रेकॉर्डच झालं नाही ते 7वर काय, 10वर लावून तरी कसं ऐकणार?

शहापूरची ताई
आणि जे रेकॉर्ड झालंय ते 5वर ऐकणार कसं? उलटंही खरंच की, दादा.

चिकोडी एक्सप्रेस
मुळात हिंदीच का? कन्नड डबिंग वर्षानुवर्षं होऊ दिलं नाही, 2015ला स्पर्धा आयोगानं त्याविरुद्ध निकाल दिला तेव्हा जरा मोकळं झालं. आणि मराठीत? साधी सबटायटलं नाहीत. आमच्या वाटणीला कायम तिसऱ्याचीच भाषा.

निपाणी नाका
झालं! निघाले ल्यूकपासून आणि पोचले 1956च्या सीमावादाला. ते कोर्टात आहे 2004 पासून, तिथंच राहू द्या. माझा प्रश्न साधा आहे. आपल्या मातीत लोक वीरालाच डोक्यावर घेतात. संगोळी रायण्णाची गाणी गातात, ती काय कुरकुरणाऱ्या पोराची?

खानापूरकर
नाव तुम्ही काढलं म्हणून बोलतो, पुतळ्यांच्या भांडणात मला ओढू नका. रायण्णा होता कोण? शेतसनदी. गावची राखण करणारा, त्या बदल्यात जमीन कसणारा. जमीन गेली, कित्तूरची राणी कैदेत गेली, तेव्हा साधी माणसं गोळा करून लढला. फितुरीनं पकडला गेला आणि 1831ला आमच्या तालुक्यात, नंदगडला फासावर चढला. त्याची गाणी न हरणाऱ्या वीराची आहेत का? फितुरीच्या कडव्याला बाया डोळे पुसतात. तुम्ही उदाहरण माझ्याच पदरात टाकलंत, मामा.

निपाणी नाका
रायण्णानं पार्ट आणायला जायचंय म्हणून तोंड वाकडं केलं नव्हतं, एवढं ध्यानात असू द्या.

1980चा प्रसंग तेवढा मान्य करतो. ल्यूकचा उजवा हात मनगटातून जातो, खाली खोल पोकळी, बाप हात पुढं करतोय, आणि पोरगा तो हात धरण्यापेक्षा खाली उडी टाकतो. तिथं मी गप्प बसतो. पुढं यांत्रिक हात बसवून सगळं गोड केलंच म्हणा.

खानापूरकर
गोड कुठलं? तिसऱ्या भागात तोच हात आहे. बापाचा हात तोडतो, तुटक्या जागी तारा दिसतात, मग स्वतःच्या काळ्या हातमोज्याकडं बघतो आणि तलवार टाकतो. यांत्रिक हात नसता तर तो शॉटच नाही.

निपाणी नाका
बरं, बघतो परत. हिंदीत.

उद्यमबाग
अहो, हिंदीत नको म्हणून तर एवढं लिहिलं!

शहापूरची ताई
कुठंही बघा, आधी ऑपरेटरला फेडर विचारा. साडेचार म्हणाला तर बाहेर कुंदा खाऊन परत या.