वाघ हरला की यांग जिंकला?

सड्यावरचा

गेल्या रविवारी आमच्या वाडीत कॅरमची फायनल झाली. एका बाजूला सलग पाच वर्षं कप घरी नेणारा चॅम्पियन, दुसऱ्या बाजूला बारावीतला माझा पुतण्या. तिसरा गेम, चॅम्पियन चोवीस, पोरगं एकवीस. शेवटच्या बोर्डात पोराने राणी घेतली, कव्हर लावलं. चॅम्पियनची एकच सोंगटी उरलेली, तीही होलच्या तोंडाशी. कट थोडा जास्त लागला आणि सोंगटी परत बोर्डात आली. पोराने आपली राहिलेली भरली. राणीचे तीन, समोरच्याच्या सोंगटीचा एक. पंचवीस.

शाळेच्या हॉलमधून बाहेर पडताना जो तो एकच म्हणत होता, "आज त्याचा हातच नव्हता रे." पाच वर्षं तो जिंकत होता तेव्हा समोरच्याचा हात नव्हता असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही.

मला यांग आठवला. मी नऊ वर्षं गल्फात गोल्फ केलं, म्हणजे खेळलो नाही, कोर्सवर गवत कापलं. पहाटे चारला मशीन काढायची, ग्रीनचं, म्हणजे होलभोवतीच्या हिरवळीचं, गवत तीन-साडेतीन मिलिमीटरवर आणायचं. तिथे गोल्फ बघायची सवय लागली ती कायमची. ऑगस्ट २००९ मध्ये गणपतीसाठी सुट्टीवर आलो होतो. १६ तारखेच्या रविवारी रात्री पीजीए चॅम्पियनशिपचा शेवटचा दिवस, अमेरिकेत मिनेसोटातल्या हेझल्टाइनच्या कोर्सवर. टायगर वूड्स दोन स्ट्रोकने, म्हणजे फटक्यांनी, पुढे (गोल्फमध्ये कमी फटके मारणारा जिंकतो). तोवर मेजर, म्हणजे वर्षातल्या चार मोठ्या स्पर्धांपैकी एखाद्या, स्पर्धेत तीन दिवसांनंतर आघाडीवर असलेला टायगर चौदा वेळा चौथ्या दिवशी उतरला होता आणि चौदाही वेळा जिंकला होता. त्याच्या जोडीला खेळत होता कोरियाचा वाय. ई. यांग, जागतिक क्रमवारीत ११०वा.

बाहेर पाऊस असा की डिशचा सिग्नल येतोय आणि जातोय. चौदाव्या होलला स्क्रीन निळी झाली. परत आली तेव्हा यांग एकाने पुढे होता. पहाटे साडेचारच्या सुमारास तो बॅग डोक्यावर उचलून उभा होता आणि मी एकटाच ओटीवर टाळ्या वाजवत होतो. आई आतून ओरडली, "कोण आलंय?"

माझं म्हणणं एवढंच की यांग जिंकला. "टायगर हरला" असं मांडलं की जिंकलेला माणूस फोटोतून कापला जातो. बोला.

खाडीपलीकडे

दादा, लिहिलंय झकास, पण आकडे भावनेच्या बाजूने नाहीत. टायगरने त्या दिवशी ७५ मारले. तेहेतीस पट, म्हणजे ग्रीनवरचे हलके फटके, लागले त्याला. टायगरचा पटर म्हणजे बापूंच्या हातातला कोयता, बघायची गरज नाही, बरोबर देठावर बसतो. तोच चालला नाही. यांगने ७० मारले, चांगले आहेत, पण ६३ नव्हेत. दोनच आठवड्यांत लागोपाठ दोन स्पर्धा जिंकून आलेला माणूस ७५ मारतो, तेव्हा बातमी ७५ची असते.

आणि गोल्फमध्ये समोरचा तुमच्या चेंडूला हात लावत नाही. कॅरममध्ये तुम्ही सोंगटी अडवून ठेवता, कबड्डीत पाय धरता. गोल्फमध्ये तुम्ही आणि मैदान. कोण कोणाला हरवणार?

देवगडचो बापू

माझो कोयतो खय मधी आणलास रे?

आणि गोल्फ म्हणजे तरी काय ता सांगा. हिरवळीर काठी घेवन फिरूचा, बॉल हरवलो की दुसरो काढूचो, आनी दमलास की गाडयेत बसान फिरूचा. आमी दशावतार बघून मोठे झालेले. राक्षस कितीव मोठो असांदे, पहाटे तो पडताच. तेका कोन म्हनना नाय की "आज राक्षसाचो हात नव्हतो".

सड्यावरचा

बापू, पाया पडतो. दोन ओळींत माझं काम केलंत.

खाडीपलीकडे, तुमच्याच आकड्यांवर येऊ. हेझल्टाइनचा पार, म्हणजे ठरलेले फटके, ७२. शनिवार संपला तेव्हा टायगर पारच्या आठने खाली, यांग सहाने. यांगने ७० मारले, म्हणजे तो आठ खाली संपला. आता तुमचा टायगर ७५ मारत नाही, सरळ ७२ मारतो, एकही चूक नाही असं धरा. तोही आठ खाली. म्हणजे बरोबरी आणि प्लेऑफ. जिंकला कुठे? टायगरला जिंकायला ७१ तरी हवे होते, आणि त्या दिवशीचं ते मैदान ७१ वाटत फिरत नव्हतं. पॅड्रेग हॅरिंग्टनला विचारा, तोही यांगच्याच बरोबरीने दुसऱ्या जागेवरून सुरू करत होता. आठव्या होलला, पार तीनच्या, त्याला आठ लागले. पाण्यात गेला.

डेकवरून

शिपवर होतो तेव्हा, मॅच दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंगवर बघितली. मी म्हणेन की दोघेही शेवटच्या होलकडे नीट बघत नाही आहात.

सतराव्याला दोघांनी बोगी केली, म्हणजे पारपेक्षा एक फटका जास्त. यांगने तर तीन पट घेतले तिथे. म्हणजे घाबरला होता, हे कोणीही सांगेल. एकाने पुढे, एक होल बाकी, शेजारी टायगर. त्याचा दुसरा फटका दोनशे यार्डांच्या वर, आणि मध्ये झाड. साधा माणूस काय करतो? झाडाच्या बाजूने सुरक्षित मारतो, दोन पटमध्ये पार घेतो आणि टायगरने बर्डी, म्हणजे पारपेक्षा एक कमी, करू नये म्हणून देवाला नारळ बोलतो. याने हायब्रिड, म्हणजे लांब मारायची काठी, काढली आणि झाडावरून, झेंड्यापासून काही पावलांवर. टायगर फेअरवेवर उभा राहून ते बघत होता. नंतर त्याने मारला तो ग्रीन सोडून डावीकडच्या गवतात.

गोल्फमध्ये समोरचा चेंडूला हात लावत नाही, बरोबर. पण तो आधी मारतो, आणि तुम्हाला ते बघावं लागतं. यांगचा चेंडू लांब पडला असता तर टायगरने ग्रीनच्या मध्यावर मारून पार घेतला असता. आता त्याला बर्डीच हवी होती. बर्डीमागे धावला, बोगी मिळाली. यांगला बर्डी. एकाची आघाडी तीनची झाली.

खाडीपलीकडे

अठरावा मान्य. तो फटका मी पण पाच-सहा वेळा बघितलाय.

पण मग चौदाव्याचं काय? यांगने ग्रीनबाहेरून चिप केली आणि चेंडू थेट होलमध्ये, ईगल, म्हणजे पारपेक्षा दोन कमी. (सड्यावरच्या दादांनी तर तो बघितलाच नाही, निळी स्क्रीन बघितली. असो.) शंभर वेळा मारा, किती वेळा जाईल? कावळा बसायला आणि फांदी मोडायला. आणि तो कावळा पुन्हा त्या फांदीवर बसला का? २००९ नंतर यांगने पीजीए टूरवर एकही स्पर्धा जिंकली नाही. टायगर पडून, मोडून, पाठीच्या शस्त्रक्रिया करून २०१९ ला मास्टर्स जिंकला. चॅम्पियन कोण हे एका रात्रीने ठरत नसतं.

सड्यावरचा

चिमटा पोचला. हो, रिप्ले बघितला. पाऊस काय माझ्या हातात होता?

पण हे बघा. चौदावा होल त्या दिवशी एका फटक्यात पोचण्याइतका पुढे आणलेला, तीनशे यार्डांच्या आसपास. दोघेही तिथे मारायला गेले. टायगर वाळूच्या बंकरमध्ये पडला, तिथून सुंदर बाहेर काढून बर्डी केली. तोही चुकला नाही त्या होलला, आणि तरीही मागे पडला. ही तुमच्या "टायगर हरला"च्या विरुद्धची सर्वात मोठी साक्ष, आणि ती तुम्हीच आणलीत.

कावळ्याबद्दल. हा कावळा आधीही बसला होता. २००६ ला शांघायमध्ये एचएसबीसी चॅम्पियन्स यांगने जिंकली, दुसरा कोण होता? टायगर. २००९ च्या मार्चमध्ये होंडा क्लासिक जिंकून आला होता. आपल्याला नाव माहीत नव्हतं म्हणून तो कोणी नव्हता असं होत नाही. आणि नंतरचं म्हणाल तर २०२४ मध्ये, बावन्नाव्या वर्षी, पन्नाशीपुढच्यांच्या सीनियर टूरवर पहिली स्पर्धा जिंकला, प्लेऑफमध्ये कोणाला हरवून? बर्नहार्ड लँगर. सीनियरमधला टायगरच तो.

पोफळीखाली

मी एकटीच बाई दिसतेय इथे, तर जरा वेगळं बोलते.

तुम्ही दोघेही चॅम्पियनच्या अंगणात उभे राहून भांडताय. यांग जेजू बेटावरच्या शेतकऱ्याच्या घरातला. एकोणिसाव्या वर्षापर्यंत गोल्फची काठी धरली नव्हती. ड्रायव्हिंग रेंजवर चेंडू गोळा करायचं काम करताना शिकला. त्या वयात टायगर अमेरिकेचा हौशी विजेता होऊन बसला होता. असं असताना यांगच्या सदतिसाव्या वर्षी दोघे एकाच टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभे, हीच मला मोठी गोष्ट वाटते. पुढे कोण जिंकलं ते एक दिवसाचं काम.

पण मला "गरीब होता म्हणून जिंकला" हेही नको. आमच्याकडे प्रत्येक सत्कारात हेच भाषण. गरिबीने कुणाचा पट आत जात नाही. एस. एस. पी. चौरसिया कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता क्लबच्या माळ्याचा मुलगा. त्याने २००८ ला दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकली, मग २०१६ आणि २०१७ ला लागोपाठ इंडियन ओपन. लांब मारता येत नाही, म्हणून चिपिंग आणि पटिंग इतकं केलं की सगळे त्याला 'चिपपटसिया' म्हणतात. त्याला ग्रीनजवळ राहायला मिळालं, हे महत्त्वाचं. रत्नागिरीच्या माळ्याच्या पोराला कुठलं ग्रीन मिळणार?

कातळफूल

नको मिळू दे. माझ्या गावच्या सड्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि मे महिन्यात टँकर येतो. खाली कातळ, पाणी राहतंय कुठे. तिथे साडेतीन मिलिमीटर गवत हिरवं ठेवणार कशाने? आणि त्या कातळावर आपली कातळशिल्पं आहेत. त्यांच्यावर बंकर काढू नका म्हणजे झालं. धागा भरकटवल्याबद्दल सॉरी.

सड्यावरचा

भरकटला नाही. मी ज्या गवताला पाणी घातलं ते सांडपाणी शुद्ध करून आणलेलं होतं, तरी रोज किती लागायचं ते बघून मलाच कसंतरी व्हायचं. घरी विहिरीवर आई दोन हंड्यांचा हिशोब करायची. इथे कोर्स व्हावा असं मी म्हणणार नाही.

डेकवरून

ताईंच्या मुद्द्यावरून जॅक फ्लेक आठवला. १९५५ ची यूएस ओपन, सॅन फ्रान्सिस्कोचा ऑलिम्पिक क्लब. बेन होगन पाचव्यांदा जिंकणार म्हणून टीव्हीवर त्याचं अभिनंदनही होऊन गेलं. फ्लेक हा आयोवातल्या म्युनिसिपल कोर्सवर नोकरी करणारा व्यावसायिक खेळाडू, अजून मैदानातच होता. त्याने अठराव्याला बर्डी करून गाठलं, दुसऱ्या दिवशी प्लेऑफ, फ्लेक ६९, होगन ७२. आणि मजा म्हणजे फ्लेकच्या हातात काठ्या होगनच्याच कंपनीच्या. गुरूची विद्या गुरूला.

त्यालाही लोक आयुष्यभर हेच म्हणाले. होगन थकला होता, अपघातानंतरचे पाय होते. पायांचं खरं असेलही. पण ते पाय तीन दिवस ठीक होते आणि चौथ्या दिवशीच दुखले?

खाडीपलीकडे

आयोवातल्या फ्लेकबद्दल वाद नाही. माझा हट्ट थोडा सोडतो: अठराव्याला यांग जिंकला, त्याआधी बराच वेळ टायगर हरत होता. निम्मं निम्मं.

पण कॅरमचं मात्र मी सोडणार नाही. होलच्या तोंडाशी असलेली सोंगटी चुकली. तिथे तुमच्या पुतण्याने काय केलं? बाजूला बसून बघितलं. झाडावरून हायब्रिड नव्हे ते.

देवगडचो बापू

ता खरा आसा. तोंडार आसलेली सोंगटी माझी नात पन घालीत.

सड्यावरचा

हे वाचून काल पुतण्याला सरळ विचारलं. बाबा रे, शेवटच्या बोर्डाला तू जिंकलास की तो हरला? चोवीस-एकवीस असताना राणी घ्यायला गेलास, भीती नाही वाटली?

म्हणाला, "काका, चोवीस-एकवीस होतं हे मला नंतर कळलं. गुण लिहायचा फळा माझ्या पाठीमागे होता. मला वाटलं आम्ही बरोबरीत आहोत."

खाडीपलीकडे

घ्या! आणि चॅम्पियनच्या समोर फळा!

पोफळीखाली

पुढच्या वर्षी फळा कुठे लावायचा यावर वाडीत मीटिंग लागणार बघा.

सड्यावरचा

लागली. चॅम्पियनच्या काकांनी बोलावली आहे. गुरुवारी, देवळात.