विषय: क्रीडाविज्ञानात पोस्टडॉकच्या निधीसाठी अर्ज, कोणी केला आहे का?

प्रेषक: मृ., आखेन

नमस्कार मंडळी,

संक्रांतीच्या कार्यक्रमात काहींशी ओळख झाली होती. मागच्या ऑगस्टमध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इकडे आलो. त्याआधी पुण्यात माझी पीएचडी चालू होती, विषय महिला कबड्डीपटूंच्या गुडघ्याच्या दुखापती. प्रबंध जानेवारीत सादर झाला, व्हायवा (तोंडी परीक्षा) बाकी आहे.

येत्या सप्टेंबरमध्ये मारी क्युरी पोस्टडॉक फेलोशिपसाठी (पीएचडीनंतरच्या संशोधनाला युरोपीय संघ देतो ती) अर्ज करायचा विचार आहे. कोलोनच्या क्रीडा विद्यापीठातल्या एका प्राध्यापिकांनी मसुदा मागितला आहे. मी सध्या घरीच असते, कुठे नोकरी नाही, त्यामुळे वास्तव्याच्या अटीची अडचण येणार नाही असं धरून चालले आहे. मसुद्यात दोनशे खेळाडूंचं स्नायूबल, उडी, तोल आणि वळण्याचा वेग मोजायचं लिहिलं आहे. मराठीत समजावून सांगणारं कोणी मिळालं तर फार बरं होईल. माझ्या ओळखीत या वाटेने गेलेलं कोणीच नाही.

मृ.

प्रेषक: सु., ड्यूसेलडॉर्फ

प्रिय मृ.,

मसुदा दोनदा वाचला. आधी वाईट बातमी सांगते, म्हणजे वेळ वाया जाणार नाही. कोलोनमधून तुला हा अर्ज करता येणार नाही. अर्जाच्या अंतिम तारखेआधीच्या 36 महिन्यांत, ज्या देशात फेलोशिप घ्यायची त्या देशात 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. नोकरी नसली तरी राहणं हे राहणंच. सुट्टीतल्या छोट्या फेऱ्या धरत नाहीत, पण तुझं घर इथे आहे. सप्टेंबरमध्ये तुझे 13 महिने होतात.

पण तू आखेनला राहतेस हे भाग्य समज. मास्ट्रिख्ट बसने तासाभरावर आहे आणि ते नेदरलँड्समध्ये. ल्यूव्हेन थोडं लांब, तेही दुसऱ्या देशात. दोन्हीकडे स्नायू आणि हालचालींवर काम करणारे चांगले गट आहेत. या आठवड्यातच पत्रं लिही, कारण बरीच विद्यापीठं इच्छुकांची नावं उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच ठरवून टाकतात.

दुसरं, व्हायवा. अंतिम तारखेपर्यंत ती यशस्वीपणे झालेली हवी. पदवीदान समारंभ नंतर झाला तरी चालतो, व्हायवा नंतर झालेली चालत नाही. आपल्याकडे बाहेरच्या परीक्षकांचे अहवाल यायला महिनेच्या महिने जातात हे तुला माहीतच आहे. गाइडना आजच फोन कर. भीड धरू नकोस, तारीख मागून घे.

आता मसुद्याबद्दल. त्यात मोजमापं भरपूर आहेत, प्रश्न सापडत नाही. मीसुद्धा माझ्या पहिल्या अर्जात हेच केलं होतं: जी उपकरणं हाताशी, तेवढी सगळी यादीत. 66 टक्के मिळाले. तेव्हा 70 च्या खाली गेलं की पुढच्या वर्षी त्याच संस्थेतून पुन्हा अर्ज करता येत नसे. ज्यांनी मला इतकी मदत केली त्या मार्गदर्शकांना हे कळवताना फार जड गेलं. म्हणून तुला कळकळीने सांगते, घाईने अर्ध्या तयारीचा अर्ज टाकू नकोस.

परीक्षकाने कबड्डी कधी पाहिली नसेल असं समजूनच लिही. पण हँडबॉल त्याला माहीत असेल. 2005 साली नॉर्वेत 120 हँडबॉल क्लबांतल्या 1,837 मुलामुलींवर चाचणी झाली. ठरावीक पद्धतीचं वॉर्म-अप करणाऱ्या गटात गुडघ्याच्या आणि घोट्याच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. तिथे उडी मारून खाली येताना, झटक्यात दिशा बदलताना पाय कसा पडतो यावर भर होता, कारण हँडबॉलमध्ये एसीएल (गुडघ्यातला एक अस्थिबंध) बहुतेक वेळा कोणाचा गुडघ्याला धक्का न लागताच फाटतो.

आणि कबड्डीत? चढाईपटू निदानरेषा (चढाईत ओलांडावी लागते ती रेषा) ओलांडून परत वळते आणि त्याच क्षणी कोपऱ्यातली बचावपटू तिचा घोटा धरते. पाऊल अडकलेलं, धड मध्यरेषेकडे झेपावणारं. हा भार गुडघ्यावर नेमका कसा येतो? हँडबॉलसाठी बनवलेला व्यायाम इथे पुरेल की पकडीत सापडल्यावर शरीर कसं सोडायचं हे वेगळं शिकवावं लागेल? तुझ्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात हा प्रश्न एका परिच्छेदात येऊन गेला आहे. माझ्या मते तुझा सगळा अर्ज तिथे आहे. दोनशे मुलींची उडी कोणीही मोजेल. हा प्रश्न मात्र मैदानाच्या कडेला बसून चढाया बघितलेल्या माणसालाच सुचतो.

मुख्य भागाला फक्त 10 पानं असतात. गुणांतले 50 टक्के संशोधनाच्या दर्जाला, 30 परिणामाला, 20 अंमलबजावणीला. परिणाम म्हणजे शोधनिबंध किती येतील एवढंच नव्हे. गावोगावच्या प्रशिक्षकांपर्यंत हे कसं पोचेल तेही लिही. महिलाच का, याचं उत्तर ‘आधी अभ्यास झालेला नाही’ एवढ्यावर सोडू नकोस, शरीररचना आणि सरावाच्या संधी दोन्ही मांड. अर्ज लाइफ सायन्सेसच्या पॅनेलकडे पाठव. तुझा भर खेळाडूंच्या सामाजिक परिस्थितीवर असता तर पॅनेल वेगळं निवडावं लागलं असतं. कीवर्ड विचार करून टाक, त्यावरून परीक्षक ठरतात.

आणखी एक. फेलोशिपच्या एक तृतीयांशापर्यंत काळ दुसऱ्या संस्थेत काढता येतो, ती जगात कुठेही असली तरी. 24 महिन्यांची घेतलीस तर 8 महिने महाराष्ट्रात खेळाडूंबरोबर काम करता येईल. त्यासाठी तिकडच्या एखाद्या संस्थेचं पत्र आत्तापासून बघ.

सुधारून पाठव, मी पुन्हा वाचेन.

सु. ताई

प्रेषक: वि., बॉन

चि. मृ.,

सुताईंनी सगळं नेमकं सांगितलं आहे. मी फक्त भर घालतो. एकाच अर्जावर विसंबू नकोस. जर्मनीतल्या हुम्बोल्ट फाउंडेशनची संशोधन फेलोशिप पीएचडीनंतर 4 वर्षांपर्यंत मागता येते. अर्थात जर्मनीत आधी किती राहिलात यावर त्यांचीही अट आहे, ती आज वाच, उद्या नको. डीएफजीचा, म्हणजे संशोधनाला निधी देणाऱ्या जर्मन संस्थेचा, वाल्टर बेन्यामिन कार्यक्रम वर्षभर खुला असतो, 2 वर्षांपर्यंत आपल्या स्वतःच्या प्रकल्पासाठी.

1990 साली बीजिंगला कबड्डी आशियाई खेळांत आली तेव्हा आम्ही चाळीत एका टीव्हीसमोर तीसजण होतो. महिलांना त्याच मैदानात उतरायला 2010 उजाडलं, ग्वांगझूला. वीस वर्षं! तुझ्या प्रस्तावनेत हे एक वाक्य असू दे. या मुलींच्या गुडघ्यांचा अभ्यास इतका उशिरा का सुरू होतो आहे ते परीक्षकाला त्यावरून समजेल.

इंग्रजी तपासायचं असेल तर माझी मुलगी करून देईल, तिच्याशी बोललो आहे.

वि. काका

प्रेषक: मृ., आखेन

ताई, काका,

कोलोनचं वाचून पहिल्यांदा रडूच आलं. मग गाइडना फोन केला. एका परीक्षकांचा अहवाल आला आहे, दुसऱ्यांना त्यांनी फोनवर बोलता बोलताच मेल पाठवला. जूनमध्ये व्हायवा घेण्याचा प्रयत्न करतो म्हणाले. मास्ट्रिख्टला दोन आणि ल्यूव्हेनला एक पत्र गेलं. कोलोनच्या बाईंना खरं कारण कळवलं, त्यांनी स्वतःहून ल्यूव्हेनचं एक नाव सुचवलं.

चौथं प्रकरण पुन्हा उघडलं. माझ्याकडे 61 चढायांचं चित्रण आहे ज्यात घोटा पकड झाली. ते मी परिशिष्टात टाकून दिलं होतं! आता प्रश्न तीन ओळींत लिहिला आहे, सोबत जोडते. मोजमापं चारवरून दोनवर आणली, तोलाची चाचणी काढताना जीव तुटला.

ताई, रविवारी दुपारी ड्यूसेलडॉर्फला आले तर चित्रण एकत्र बघता येईल का? लॅपटॉप आणते. काका, तुम्हीही या. पकड नेमकी कोणत्या क्षणी लागली हे ठरवायला खेळलेले डोळे हवे आहेत.

मृ.