विवारोची पुढची सबफ्रेम गंजली, जुनी घेताना कोणती बसेल?

फराळवाली_स्लाउ
नमस्कार मंडळी. माझी व्हॉक्सहॉल विवारो व्हॅन आहे, ५७ प्लेट (सप्टेंबर २००७ ते फेब्रुवारी २००८ मधली), २.० सीडीटीआय डिझेल, सहा गिअर. फराळाच्या ऑर्डरी आणि कार्यक्रमांची जेवणं हिच्यातूनच जातात, त्यामुळे गाडी थांबली की धंदा बसला. एमओटीत, म्हणजे इथल्या वार्षिक सरकारी तपासणीत, पुढच्या सबफ्रेमवर (चाकांचे आर्म धरणारी खालची लोखंडी चौकट) नापास झाली. डावीकडे चाक धरणाऱ्या खालच्या आर्मच्या बुशापाशी (सांध्यातला रबर) स्क्रूड्रायव्हर टेकवला तर पत्रा सरळ आत गेला, खपल्या हातात आल्या. 'डेंजरस' शेरा आहे, म्हणजे दुरुस्त होईपर्यंत रस्त्यावर काढायची नाही. गॅरेजवाले म्हणतात, ठिगळ लावायच्या पलीकडे गेलीय, दुसरी आणा. नवी परवडत नाही. एक ब्रेकर (मोडीतल्या गाड्यांचे भाग विकणारा) १.९ वाल्या विवारोची देतोय, म्हणतो "कुठलीही बसते". दुसऱ्याकडे निसान प्रायमास्टारची आहे. यातली कोणती घेऊ? दिवाळी तोंडावर आलीय, जाणकारांनी जरूर सांगा.

पाना_तेरा
ताई, प्रायमास्टारच्या नावाला बिचकू नका. विवारो, रेनॉ ट्रॅफिक आणि प्रायमास्टार ही एकच गाडी, बिल्ले तीन. त्यामुळे तिन्ही नावांनी शोधा, माल जास्त सापडेल आणि भावही करता येईल. मात्र "कुठलीही बसते" यावर पैसे देऊ नका. २००६ मध्ये गाडीत बदल झाले, १.९ इंजिन जाऊन २.० आलं. गिअरबॉक्सकडचा खालचा माउंट सबफ्रेमवरच बोल्ट होतो. इंजिन-गिअरबॉक्स वेगळं असेल तर तिथली भोकं जुळतीलच असं नाही. माझं मत विचाराल तर २००६ नंतरची, २.० ची, तुमच्याच गिअरबॉक्सची आणि उजव्या स्टिअरिंगचीच घ्या. स्टिअरिंग रॅक याच फ्रेमवर बसतो, युरोपातून आलेली स्वस्त दिसली तरी नको.

आधी तुमचा चॅसी नंबर डीलरच्या पार्ट काउंटरवर द्या आणि सबफ्रेमचा पार्ट नंबर लिहून घ्या. तिन्ही कंपन्यांचे नंबर वेगवेगळे असतात, म्हणून रेनॉ आणि निसानचेही विचारा. ब्रेकरने नंबर जुळवून दिला तरच पुढचं बोलणं.

कोव्हेंट्रीकर
एक सोपी गोष्ट राहिली. ब्रेकरकडून ज्या गाडीची फ्रेम आहे तिचा रजिस्ट्रेशन नंबर मागा. सरकारी साइटवर तिचा एमओटीचा इतिहास फुकट बघता येतो. 'सबफ्रेम करोडेड' असा शेरा तिथे असेल तर सोडून द्या. इकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं, तुमची जिथे गंजली तिथेच तिचीही गंजलेली असणार. नंबर द्यायला कां कूं करत असेल तर दुसरा बघा. आणि धंद्याच्या नावावर बिल घेऊ नका असं सुचवेन. ऑनलाइन घेतलेली वस्तू १४ दिवसांत परत करायचा हक्क ग्राहकाला आहे, धंद्यासाठी केलेल्या खरेदीला तो लागू होत नाही.

पाना_तेरा
बिलाचं मला पटत नाही. गाडी धंद्याचीच आहे, बिल खरं तेच असावं. परत घेण्याची अट ब्रेकरकडूनच आधी लिहून घ्या.

फराळवाली_स्लाउ
दोघांचेही आभार. प्रायमास्टार २.० ची आहे, सहा गिअर, उजवं स्टिअरिंग, आणि एमओटीत गंजाचा शेरा नाही. गाडी मागून ठोकल्यामुळे मोडीत निघाली म्हणतात. फोटो आलेत, पण काळा रंग मारलेला आहे. घ्यावी का?

पाना_तेरा
मागून ठोकलेली असणं आपल्या पथ्यावरच आहे. ताजा काळा रंग मात्र मला आवडत नाही. प्रत्यक्ष जा, छोटी हातोडी न्या, खालच्या कडा आणि आर्मच्या जागा ठोकून ऐका. टणटण वाजलं तर पत्रा आहे, भद्द वाजलं तर आत खपल्या आहेत. आर्मचे बोल्ट जातात ती भोकं गोल आहेत की लांबट झालीत ते बोट घालून पाहा. आतले वेल्ड केलेले नट सुटलेले असतील तर पुढे फार त्रास होतो. टेपने दोन्ही कर्ण मोजा, फरक दिसला तर फ्रेम वाकलीय.

चांगली निघाली तर लगेच बसवू नका. सँडब्लास्ट करून, म्हणजे वाळूच्या माऱ्याने गंज काढून घ्या, बारीक भोकं असतील तर तिथेच उघडी पडतील. मग प्रायमर, रंग आणि पोकळीत वॅक्स. आर्मचे बुश त्याच वेळी नवे टाका, पुन्हा एवढं उघडायला मजुरी दुप्पट लागेल.

गॅरेजला दोन गोष्टी आवर्जून सांगा. स्टिअरिंगचा सांधा सोडायच्या आधी चाकं सरळ करून स्टिअरिंग सीटबेल्टने बांधून ठेवा. ते मोकळं गरगर फिरलं तर आतली एअरबॅगची पट्टी तुटते. आणि आर्मच्या बुशांचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना, नाहीतर नवे बुश पिळून लवकर जातात. नंतर चाकांची अलाइनमेंट, मगच एमओटीला न्या.

फराळवाली_स्लाउ
शनिवारी हातोडी घेऊन जाते. पार्ट काउंटरला चॅसी नंबर दिलाय, तिन्ही नंबर आले की इथेच टाकते, म्हणजे पुढच्याला शोधायला नको.