कादंबरीचं पुनर्लेखन: रोजचं उद्दिष्ट शब्दांत नाही, तर कशात मोजायचं?

नवी_पाटी:
नमस्कार. गिरणगावातल्या एका कुटुंबावरची कादंबरी आहे, काळ १९८१ ते १९८४. पहिला खर्डा पूर्ण झालाय, ४१ प्रकरणं आणि सुमारे ८२,००० शब्द. खर्डा लिहिताना रोज ६०० शब्द हे उद्दिष्ट छान निभावलं. पुनर्लेखनात मात्र गाडी अडली आहे. पहिली पाच-सहा प्रकरणंच पुन्हा पुन्हा घासली जातात. दिवसभर काम करून शब्दसंख्या उलट घटलेली दिसते आणि दुसऱ्या दिवशी फाईल उघडायचा धीर होत नाही. उद्दिष्ट कसं ठरवावं? आणि खर्डा झाल्यावर आता आराखडा करण्यात काही अर्थ आहे का?

काळी_शाई:
आराखड्याची खरी गरज आत्ताच आहे. आधीचा आराखडा म्हणजे नुसता अंदाज होता, आता प्रत्यक्ष मजकूर हातात आहे.

प्रकरणं बाजूला ठेवा आणि प्रसंग मोजा. ४१ प्रकरणांत शंभर-सव्वाशे प्रसंग निघतील. प्रत्येकाची एक ओळ करा: क्रमांक, स्थळ, तारीख, कोण कोण हजर, कुणाला काय हवंय, आणि प्रसंग संपताना काय बदललं. एका तासाच्या बैठकीत आठ-दहा प्रसंग होतात. या काळात एकही वाक्य दुरुस्त करायचं नाही. शेवटचा रकाना जिथे रिकामा राहतो तिथे कादंबरी रेंगाळते आहे, हे तुमचं तुम्हालाच दिसेल.

मग प्रत्येक ओळीपुढे एकच शब्द लिहा: राहील, बदलेल किंवा जाईल. जाणारे प्रसंग पुसू नका, वेगळ्या फाईलमध्ये ठेवा. मजकूर कायमचा जाणार नाही हे माहीत असलं की कात्री चालवणं सोपं जातं.

आता उद्दिष्टाचं गणित. समजा, ४० प्रसंग बदलायचे आहेत. त्यातल्या १५ जड प्रसंगांना प्रत्येकी तीन बैठका आणि २५ हलक्यांना एकेक, म्हणजे ७० बैठका. आठवड्याला पाच धरल्या तर १४ आठवडे. वर चार आठवडे राखीव ठेवा, कारण सण, लग्नं आणि आजारपणं येणारच. रोजचं उद्दिष्ट म्हणजे एक बैठक. त्यात ३०० शब्द कमी झाले तरी बैठक पूर्णच मोजायची. हा तक्ता कागदावर काढून भिंतीला लावा आणि प्रसंग झाला की खोडा. घटलेल्या शब्दसंख्येपेक्षा खोडलेल्या ओळी मनाला जास्त उभारी देतात.

सुरुवात पहिल्या प्रकरणापासून करू नका. तुम्ही तिथेच अडकताय, कारण शेवट पक्का नसताना आरंभ पक्का होऊ शकत नाही. आधी शेवटची तीन प्रकरणं ठरवा, मग मधला भाग. पहिलं प्रकरण सर्वांत शेवटी.

दोन_ओळी_रोज:
काळी_शाई यांच्याशी सहमत. अडकण्याचं आणखी एक कारण सांगते. विसावं प्रकरण बदलताना लक्षात येतं की चौथ्यात आत्याला गुपित आधीच कळायला हवं होतं. लेखक मागे चौथ्यात जातो, तिथून दुसऱ्यात, आणि आठवडा संपतो. मागे जाऊच नका. एक बदलवही ठेवा, त्यात 'प्र. ४: आत्याला पत्राबद्दल माहीत आहे' एवढंच लिहा आणि तो बदल झालेलाच आहे असं धरून विसावं पुढे न्या. वहीतल्या नोंदी पुढच्या फेरीत एकत्र निपटायच्या.

बैठक संपवताना पुढचा प्रश्न एका ओळीत लिहून ठेवा. 'सदा चाळीत परततो तेव्हा दार कोण उघडतं?' इतका नेमका. 'प्र. २२ सुधारणे' असं लिहिलंत तर उद्या पुन्हा शून्यापासून विचार करावा लागेल. धकाधकीच्या दिवसासाठी २५ मिनिटांचं किमान उद्दिष्ट ठेवा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट काम करायचं नाही. ती थकबाकी साचते आणि तिच्या धाकानेच काम सुटतं.

इंग्रजी लेखकांचे आकडे जसेच्या तसे घेऊ नका. १९९९ साली अमेरिकेत सुरू झालेल्या नॅनोरायमो या महिनाभरात कादंबरी लिहिण्याच्या उपक्रमाचं नोव्हेंबरात ५०,००० शब्दांचं, म्हणजे दिवसाला १,६६७ शब्दांचं उद्दिष्ट पहिल्या खर्ड्यासाठी होतं. शिवाय मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, 'चाळीसमोरच्या' हा एकच शब्द मोजला जातो. म्हणून तोच मजकूर मराठीत कमी शब्दांचा दिसतो.

काना_मात्रा:
भाषेची आणि तपशिलांची फेरी शेवटची, पण तीही आखून करा.

आधी काळ. गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ला, सोमवारी, सुरू झाला. तुमच्या तारखांचा रकाना या दिवसाशी ताडून पाहा, कारण पगार बंद, उधारी, गावी परतणं हे सगळं तिथून मोजलं जातं. दूरदर्शनचं रंगीत प्रक्षेपण १९८२च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं. त्याच वर्षीच्या मे महिन्यात चाळीत कुणी रंगीत कार्यक्रम बघत असेल तर प्रसंग हलवा.

मग संबोधनं. कोण कुणाला तू, तुम्ही, अहो-जाहो म्हणतं याची वेगळी यादी करा. सून सासूला तिसऱ्या प्रकरणात 'तुम्ही' आणि तिसाव्यात 'तू' म्हणत असेल, तर वाचक त्यात नात्यातला बदल शोधणार. तो अभिप्रेत नसेल तर दुरुस्त करा.

पात्राचं नाव बदलायचं असेल तर 'सगळीकडे बदला' हे बटण दाबू नका. 'राम'चा 'दत्तू' केलात की 'आराम'चा 'आदत्तू' होतो आणि 'रामाला'चं 'दत्तूाला'. एकेक जागा बघत जा. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरात रफार, जोडाक्षरं आणि 'ॲ' बिघडतात, म्हणून ऱ्हस्व-दीर्घ तपासणी रूपांतरानंतरच.

शेवटी मोठ्याने वाचा. तासाला सहा-सात हजार शब्द होतात, म्हणजे तुमची कादंबरी बारा-तेरा तासांत. जिथे जीभ अडखळते तिथे समासात फक्त खूण करा, थांबू नका.

नवी_पाटी:
सर्वांचे मनापासून आभार. तक्ता सुरू केला. एक अडचण आहे: काकू रेशनच्या रांगेत उभी आहे तो प्रसंग भाषेच्या दृष्टीने सर्वांत चांगला उतरलाय, पण 'काय बदललं' हा रकाना रिकामा आहे. काढून टाकायचा का?

काळी_शाई:
लगेच नाही. आधी पाहा, त्या प्रसंगातली अशी कुठली माहिती आहे जिच्याशिवाय पुढचं कळत नाही? असेल तर ती शेजारच्या प्रसंगात दोन ओळींत बसते का ते बघा. दुसरा मार्ग: पुढे येणारी एखादी बातमी काकूला रांगेतच कळू द्या. सदाने गिरणीत परत जायचं ठरवलंय हे तिला घरी कळण्याऐवजी पुढे उभ्या असलेल्या बाईकडून कळलं, तर रांगेचं वर्णन तसंच राहतं आणि रकानाही भरतो. घरी ती बातमी कळण्याचा प्रसंग मग गाळता येईल.

दोन्ही जमलं नाही, तर प्रसंग कापलेल्यांच्या फाईलमध्ये ठेवा आणि तो नसताना आधीचं-नंतरचं प्रकरण सलग वाचा. खर्ड्याशी अपरिचित अशा तिघांना तो भाग वाचायला द्या. 'कसं वाटलं' असं विचारू नका. 'कुठे थांबलात, कोण कुणाचं ते कुठे कळेनासं झालं' एवढंच विचारा. दोघांनी एकाच जागी बोट ठेवलं तर ती जागा दुरुस्त करायची. उपाय त्यांनी सुचवलेलाच करायला हवा असं नाही.