विमानाची उंची अजून हवेच्या दाबावरच का मोजायची?

रंकाळ्याचा_वारा: एप्रिलात कोल्हापूरहून हैदराबादला निघालो होतो. पायलटनं सांगितलं, १७ हजार फूट. खिडकीपाशी धरलेला फोन जीपीएसवर पावणेअठरा हजार दाखवत होता. खिशातल्या फोनला जमतं ते कोट्यवधींच्या विमानाला का नको? जीपीएसची उंची मुख्य करा, दाबाची राखीव ठेवा.

उजळाईवाडीकर: साफ अमान्य. अल्टिमीटर, म्हणजे विमानातलं उंचीचं यंत्र, उंची मोजतच नाही भावा, तो दाब मोजतो आणि ठरलेल्या प्रमाण वातावरणाच्या हिशोबानं फूट दाखवतो. त्या हिशोबात समुद्रसपाटीला १५ अंश तापमान, १०१३.२५ हेक्टोपास्कल दाब आणि वर जाताना दर किलोमीटरला साडेसहा अंशांची घट धरलेली असते. आपल्याकडं एप्रिलात १५ अंश कुठले? हवा तापली की फुगते. तापमान हिशोबापेक्षा १० अंश जास्त असलं, तर विमान काट्यापेक्षा साधारण ४ टक्के वर असतं.

पण शेजारचं विमानही तेवढंच वर असतं ना! मार्केट यार्डात सगळ्यांचे काटे सारखेच हलके असले, तर कुणाचा गूळ जास्त हे ठरवताना गोंधळ होत नाही. २९ ते ४१ हजार फुटांच्या पट्ट्यात विमानं हजार फुटांच्या अंतरानं एकमेकांवरून जातात. निम्मी जीपीएसवर आणि निम्मी दाबावर गेली तर काय होईल, विचार कर.

पंचगंगा_घाट: आणि जीपीएस म्हणजे खरी उंची, हे कुणी सांगितलं? उपग्रह मोजतात ती पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची उंची. भारताच्या आसपास समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या खाली आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला तर शंभर मीटरहून जास्त. कोल्हापुरात दुरुस्ती न केलेला आकडा साठ मीटरहून जास्त कमी येईल.

रंकाळ्याचा_वारा: त्या दुरुस्तीचं कोष्टक रिसीव्हरमध्येच असतं, तो प्रश्न संपला. वर उडताना विमानांमधलं अंतर दाबावर ठेवायचं, तेही मान्य. मी उतरण्याबद्दल बोलतोय. तिथं स्थानिक दाब कंट्रोलर तोंडी सांगतो आणि पायलट तो अल्टिमीटरवर हातानं लावतो. मे २०२२, पॅरिस: दाब १००१, सांगितला १०११. दहा हेक्टोपास्कलच्या चुकीनं विमान हवं त्यापेक्षा जवळपास २८० फूट खाली आलं. धावपट्टी अजून दीड किलोमीटर लांब होती, ढगात जमीन दिसत नव्हती आणि रेडिओ लहरींनी जमिनीपासूनचं अंतर मोजणाऱ्या रेडिओ अल्टिमीटरवर ६ फूट! थोडक्यात वाचले. उपग्रहावरून उतार धरला असता तर ही चूक झालीच नसती.

उजळाईवाडीकर: उतरण्यापुरतं ठीक. २०२२ सालीच राजस्थानात किशनगडला 'गगन' ही जीपीएसची अचूकता वाढवणारी भारतीय उपग्रह यंत्रणा वापरून एटीआर विमान उतरवलंय. पण वीस हजार किलोमीटरवरून येणारा तो क्षीण सिग्नल. २०२५ च्या नोव्हेंबरात दिल्लीजवळ विमानांना खोटे जीपीएस सिग्नल मिळाले, ते विसरलास? हवेचा दाब कुणाच्या बापाला जाम करता येत नाही.

पंचगंगा_घाट: दोघांचे आकडे एकमेकांवर ताडून बघा की. एडीएस-बी (विमानाची जागा-उंची आपोआप प्रसारित करणारी यंत्रणा) असलेली बरीच विमानं दाबाची उंची आणि उपग्रहाची उंची यांतला फरक आजही जमिनीवर पाठवतात. धावपट्टीच्या वर पाचशे फूट उरले की उन्हाळ्यातल्या हवेचा फरक पंचवीस-तीस फुटांवर येतो. तिथं अडीचशेची तफावत दिसली की दाब तरी चुकलाय, नाहीतर सिग्नल तरी खोटा. कुठला, ते वर जाऊन शोधा, उतरू नका.

रंकाळ्याचा_वारा: हे चालेल. पण ती घंटा कॉकपिटमध्ये वाजायला हवी, टॉवरमध्ये वाजून पायलटला कळेपर्यंत सहा फूट उरतात.